मुरमाच्या रस्त्यावर वेगात: जिम्नीसाठी एचटी, एटी की एमटी?

टायरच्या दुकानात शिरलं की नजर आधी उंच, सुट्या ठोकळ्यांच्या मड-टेरेन टायरवर जाते. गाडीखाली तो दिसतोही झकास. पण माण, खटाव, सांगोला, जत या पट्ट्यातले मुरमाचे रस्ते ताशी ५०-६० किलोमीटरनं कापायचे असतील, तर एचटी (हायवे-टेरेन, डांबरी रस्त्याचा), एटी (ऑल-टेरेन, मिश्र वापराचा) आणि एमटी (म्हणजे हाच मड-टेरेन) या तिन्ही प्रकारांत सगळ्यात कमी भरवशाचा टायर तोच. चिखलातून गाडी बाहेर काढणं आणि कोरड्या कच्च्या रस्त्यावर वेगात गाडी ताब्यात ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. इथे फक्त दुसऱ्या कामाचा विचार केला आहे.

गाडी म्हणून मारुती सुझुकीची पाच दारी जिम्नी घेतली आहे, कारण तिच्यावर टायरचा फरक लगेच कळतो. वजन जेमतेम १,२०० किलो, शिडीच्या आकाराची लॅडर चासी, पुढे-मागे दोन्हीकडे रिजिड (डावं-उजवं चाक जोडणारा सलग) अ‍ॅक्सल. कंपनीकडून येतो तो १९५/८० आर १५ मापाचा (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत) ब्रिजस्टोन ड्यूलर एच/टी. बदलणारे बहुतेक जण २१५/७५ आर १५ वर जातात. तुलनेत हा मूळ टायर, योकोहामा जिओलँडर ए/टी जी०१५, बीएफ गुडरिच ऑल-टेरेन केओ२ आणि एक प्रकार म्हणून एमटी, असे चार आहेत.

मुरमाचा रस्ता वरून एकसारखा दिसतो, पण त्याला दोन थर असतात. खाली दाबून घट्ट बसलेला मुरूम आणि वर त्यातूनच सुटलेली बारीक खडी नि धूळ. पकड मिळते ती खालच्या थरातून. वरची खडी मध्ये आली की गोट्यांवर पाय पडावा तशी गाडी सरकते. टायरनं सुटी खडी खाचांमध्ये घ्यायला किंवा बाजूला सारायला हवी आणि ठोकळ्यांच्या कडांनी खालचा थर धरायला हवा. एचटीच्या खाचा अरुंद, त्यामुळे खडीला जायला जागाच नाही. एमटीच्या खाचा इतक्या मोठ्या की जमिनीला टेकणारं रबरच कमी उरतं, आणि जे उरतं ते उंच ठोकळ्यांवर असल्यामुळे वळणात वाकतं.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समजही इथे फारसा टिकत नाही. जागतिक रॅली स्पर्धेतल्या गाड्या डांबरावर २३५ मिलिमीटर रुंदीचे टायर लावतात आणि खडी-मातीच्या रॅलीला २०५/६५ आर १५ वर येतात. अरुंद टायर सुटा थर कापून खाली पोचतो. त्या टायरची नक्षीही दाट असते, ठोकळे बुटके आणि जवळजवळ. जिम्नीचा १९५ चा मूळ टायर दिसायला किरकोळ वाटतो, पण त्याची रुंदी ही उणीव नाही. उणीव आहे ती नक्षीत आणि साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत.

मूळ ड्यूलर एच/टी

हा टायर उगाच बदनाम आहे. घट्ट बसलेल्या, वर फारशी खडी नसलेल्या रस्त्यावर स्टिअरिंग फिरवताच गाडी वळते, कारण ठोकळे बुटके आहेत आणि वाकत नाहीत. टायर हलका असल्यानं सस्पेन्शनवर ताण कमी. डांबरावर शांत, मायलेजही चांगलं.

खडीचा थर बोटभर झाला की मात्र चित्र बदलतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी खडी लोटून ठेवलेली असते, तिथे पुढची चाकं वळलेली असूनही गाडी सरळ जायला बघते. हे अचानक होतं, स्टिअरिंगमधून आगाऊ सूचना येत नाही. ईएसपी (घसरती गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) मध्ये पडून गाडी सावरतं, पण त्यासाठी वेग कमी करतं. पकड काही वाढवत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर पहिल्या पावसानंतर तांबड्या मातीचा पातळ थर ओला होतो, त्यावरही एचटी लवकर हार मानतो. तरीही महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी शेतापर्यंतचा दोन-तीन किलोमीटरचा कच्चा रस्ता एवढंच काम असेल, तर हे टायर झिजेपर्यंत बदलू नयेत.

जिओलँडर ए/टी जी०१५

जिम्नीसाठी आमची पहिली पसंती हीच. मधली नक्षी बऱ्यापैकी दाट, खांद्याकडे खाचा मोकळ्या, आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा भरपूर. वेगातल्या मुरमासाठी हे प्रमाण जमून आलं आहे. सरळ रस्त्यावर गाडी चाकोरीच्या कडेनं इकडेतिकडे भटकत नाही. वळणात शिरताना एचटीपेक्षा किंचित उशीर जाणवतो, पण पुढचं टोक धरून राहतं.

याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो सुटतो तेव्हा हळूहळू सुटतो. आधी स्टिअरिंग हलकं होतं, मग टायर खडीत घसरल्याचा आवाज येतो, मग मागची बाजू थोडी बाहेर येते. चालकाला पाय सैल करायला वेळ मिळतो. कच्च्या रस्त्यावर नुसत्या कमाल पकडीपेक्षा ही आगाऊ सूचना जास्त उपयोगाची.

उणिवाही आहेत. ओल्या काळ्या मातीत खाचा दोन-चार फेऱ्यांतच भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. वेग असेल तर माती फेकली जाते, शेतातल्या वेगात नाही. दुसरं म्हणजे हा टायर काही मापांत हलक्या पॅसेंजर बांध्याचा आणि काही मापांत एलटी (लाइट ट्रक, जास्त भारासाठी मजबूत) बांध्याचा मिळतो. मापाच्या आधी एलटी छापलं आहे का ते दुकानातच बघावं. हलक्या बांध्याचा टायर जिम्नीवर मऊ आणि छान चालतो, पण धारदार दगडावर त्याची बाजू लवकर कापली जाते.

बीएफ गुडरिच केओ२

नाव मोठं आणि ते कमावलेलं आहे. ठोकळे एकमेकांत अडकवलेले असल्यानं वाकत नाहीत, खांद्याचं रबर साइडवॉलवर खाली उतरलेलं, खाचांच्या तळाशी दगड बाहेर ढकलणारे उंचवटे. टोकदार दगडांचा रस्ता, चार माणसं, छतावर सामान, अशा प्रवासाला चौघांत हाच पुढे.

पण रिकाम्या जिम्नीवर तो गरजेपेक्षा कडक पडतो. २१५/७५ आर १५ मध्ये तो लोड रेंज सी (भार पेलण्याची एक श्रेणी) असलेला एलटी टायर आहे, ५० पीएसआयपर्यंत हवा सोसेल अशा बांध्याचा. जिम्नीच्या एका चाकावर रिकाम्या गाडीत साधारण ३०० किलो येतात. एवढ्या कमी भाराखाली कडक साइडवॉल दबतच नाही. छोट्या खड्ड्यावर टायर उसळतो, आणि हवेत असलेल्या टायरला पकड कसली? लोकांनी तक्रार केली की दुकानदार शॉकअ‍ॅब्झॉर्बरकडे बोट दाखवतात. आधी हवा कमी करून बघावी, निम्म्याहून जास्त तक्रार तिथेच मिटते. रबरही कडक आहे. खडीवर त्यामुळे तुकडे कमी पडतात, पण पावसातल्या डांबरावर ब्रेकचं अंतर मूळ टायरपेक्षा वाढतं हे गृहीत धरावं. केओ२ आणि जी०१५ दोन्हींवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह आहे, म्हणजे बर्फावरच्या पकडीची ठरलेली चाचणी ते पास झाले आहेत. महाराष्ट्रात याचा उपयोग शून्य, स्पितीला ऑक्टोबरात जाणाऱ्याला मात्र आहे.

अमेरिकेत २०२४ मध्ये केओ३ आला. आपल्याकडे केओ२ मिळाला तर जुना म्हणून नाकारायचं कारण नाही; उत्पादनाची तारीख तेवढी बघावी. तारखेचं पुढे येईलच.

एमटी

थोडक्यात सांगायचं तर जिम्नीवर रोजच्या वापराला एमटी घेऊ नये. घट्ट मुरमावर तो थेट ठोकळ्यांच्या टोकांवर चालतो. स्टिअरिंग फिरवलं की आधी ठोकळे वाकतात, मग साइडवॉल, मग गाडी वळते. ताशी ३० ला हा उशीर जाणवत नाही, ६० ला नागमोडी रस्त्यावर चालक सतत एक पाऊल मागे राहतो. ठोकळ्यांवर चिरा कमी असल्यानं कडाही कमी मिळतात. टायर जड, त्यामुळे १०५ पीएसच्या इंजिनाची चढावर दमछाक होते, आणि रस्त्यावर पडलेल्या लाटांसारख्या आडव्या वळ्यांवर शॉकअ‍ॅब्झॉर्बरला जास्त वजन आवरावं लागतं.

एक ठिकाण मात्र त्याचं हक्काचं आहे. नुकतीच टाकलेली, अजून न दबलेली खोल खडी किंवा नदीपात्रातली वाळूमिश्रित गिट्टी असेल तर एमटी खणून पकड मिळवतो आणि ब्रेकही तिथे इतरांपेक्षा लवकर लागतो. ज्यांचा कच्चा रस्ता असा आहे, किंवा पावसाळाभर काळ्या रानातून ये-जा आहे, त्यांनी घ्यावा.

हवा: टायरइतकंच महत्त्वाचं

चांगला एटी डांबरासाठी भरलेल्या हवेवरच मुरमावर घातला तर त्याचे निम्मे गुण वाया जातात. हवा कमी केली की जमिनीला टेकणारा भाग लांबीत वाढतो, ठोकळे खडीशी जुळवून घेतात, आणि टोकदार दगडावर टायर ताठ राहून कापला जाण्याऐवजी त्याच्याभोवती दबतो.

आधार धरायचा तो चालकाच्या दाराजवळ कंपनीनं लावलेल्या माहितीच्या पट्टीवरच्या आकड्याचा, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याचा नाही. सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना, स्वतःच्या गेजनं हवा मोजावी. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत. मग कच्च्या रस्त्यासाठी साधारण एक पंचमांश कमी करावी: पट्टीवर २६ असेल तर २१, थारसारख्या जड गाडीच्या पट्टीवर ३२ असेल तर २५-२६. एलटी बांध्याच्या टायरला डांबरावर पट्टीच्या आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त द्यावी लागते, कारण तेवढाच भार पेलायला त्याला जास्त हवा लागते. पण रिकाम्या जिम्नीत कच्च्यावर तोही २२ च्या आसपास नीट चालतो. गाडी भरलेली असेल तर मागच्या चाकांत तीन पीएसआय जास्त ठेवावी.

आकडा बरोबर आहे का हे तपासायची सोपी रीत ऑस्ट्रेलियातल्या फोर-बाय-फोरवाल्यांकडे आहे. थंड टायरचा आकडा लिहून ठेवायचा, नेहमीच्या वेगानं अर्धा तास चालवायचं, थांबल्याबरोबर पुन्हा मोजायचं. तीन-चार पीएसआय वाढ असेल तर ठीक. सहाच्या वर गेली तर टायर फार दबतोय आणि तापतोय: हवा वाढवा किंवा वेग कमी करा. जेमतेम एक-दोन वाढली तर अजून थोडी काढायला जागा आहे. गरम टायरमधून ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडू नये. थंड झाल्यावर ती धोक्याच्या खाली जाते.

खालची मर्यादाही पाळायला हवी. १५-१६ पीएसआय हे वाळूतलं, सावकाश चालण्याचं काम. त्या हवेवर ताशी ६० नं दगड लागला तर टायर रिमपर्यंत दबतो. स्टीलचं रिम वाकतं आणि ठोकून सरळ करता येतं. अलॉयला तडा जातो आणि हवा टिकत नाही. साइडवॉलच्या आतले दोरेही याच धक्क्यात तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, आठवड्याभरानं बाजूला फुगवटा येतो. असा टायर तडक बदलायचा.

स्पिती-लडाखला जाणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो, ४,३०० मीटरला तो ८.६ च्या आसपास येतो. पुण्यात भरलेला टायर तिथे गेजवर पाच पीएसआय जास्त दाखवतो. दर १० अंश तापमान उतरलं की एक-दीड कमी होतो, त्यामुळे थंडीनं थोडी भरपाई होते, पण पूर्ण नाही. म्हणून मुक्कामी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजायचं.

डांबर लागलं की हवा परत भरायची, त्यासाठी गाडीत कॉम्प्रेसर हवा. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर २१ वरून २६ ला न्यायला पुरतो, पण चार टायर लागोपाठ भरताना मध्ये विश्रांती द्यावी, नाहीतर त्याचा फ्यूज जातो.

आडव्या वळ्या

कोरड्या मुरमावर रहदारीनं पडणाऱ्या आडव्या वळ्यांमध्ये अंतर साधारण ३० सेंटीमीटर ते एक मीटर असतं. समजा ६० सेंटीमीटर आहे. ताशी ३० ला चाकाला सेकंदाला १४ धक्के बसतात, आणि चाक-अ‍ॅक्सलची स्वतःची उड्या मारायची लय सेकंदाला १० ते १५ च्या घरात असते. दोन्ही जुळल्या की गाडी खिळखिळी होईल असं वाटतं. वेग ६० केला की धक्के २८ होतात, चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही, ते एका माथ्यावरून दुसऱ्यावर तरंगत जातं आणि प्रवास एकदम गुळगुळीत वाटतो.

गफलत इथेच होते. चाक जमिनीला निम्माच वेळ टेकत असतं, म्हणून ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी पकडही तेवढीच घटते. वळ्या बहुधा वळणाच्या आधी, जिथे सगळे ब्रेक दाबतात, तिथेच सगळ्यात खोल असतात. कमी हवेचा, मऊ साइडवॉलचा एटी इथे चक्क दुसऱ्या सस्पेन्शनचं काम करतो. पट्टीपेक्षा जास्त हवेवरचा केओ२ आणि जड एमटी इथे सगळ्यात वाईट. लांब पल्ला असेल तर मध्ये थांबून शॉकअ‍ॅब्झॉर्बरजवळ हात न्यावा. हात ठेववत नसेल इतका तापला असेल तर आतलं तेल पातळ होऊन तो काम सोडत चालला आहे, थंड होऊ द्यावा.

ब्रेक आणि फोर-एच

सुट्या खडीवर ब्रेकनं चाक फिरायचं थांबलं, म्हणजे अडकलं, तर टायरपुढे खडीचा ढीग साचतो आणि गाडी थांबायला मदत होते. एबीएस चाक अडकू देत नाही, म्हणून ढीग साचत नाही आणि अंतर वाढतं. त्या बदल्यात स्टिअरिंग हातात राहतं. कुठलाही टायर हा हिशेब पूर्ण बदलू शकत नाही, एटी फक्त तो थोडा कमी तोट्याचा करतो. वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक संपवावा. जिम्नी सैल मुरमावर टू-एचपेक्षा (फक्त मागच्या चाकांना जोर) फोर-एचमध्ये (चारही चाकांना जोर) स्पष्टपणे स्थिर चालते, कारण जोर चार चाकांत वाटला जाऊन मागचं टोक शांत राहतं. डांबर येताच टू-एचवर यावं. पक्क्या रस्त्यावर फोर-एच ठेवलं तर वळताना गिअरपेटीवर ताण येतो आणि टायर घासले जातात.

दगड, काप आणि झीज

खाचेत अडकलेला टोकदार दगड प्रत्येक फेरीला थोडा आत घुसतो आणि शेवटी स्टीलच्या पट्ट्यापर्यंत पोचतो. तिथून पाणी शिरलं की गंज. दिवस संपला की बोथट स्क्रूड्रायव्हरनं दगड काढावेत, हे दहा मिनिटांचं काम आहे. नक्षीतलं पंक्चर ट्यूबलेसची पट्टी घालून पुढच्या गावापर्यंत जातं. नंतर आतून पॅच मारून घ्यावा. साइडवॉलच्या कापाला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही. म्हणून पाचवा टायर बाकी चारांच्याच मापाचा असावा, आणि पाचही आळीपाळीनं फिरवावेत. कंपन्या आठ-दहा हजार किलोमीटर सांगतात, कच्च्यावर जास्त चालणाऱ्या गाडीला पाच हजार बरे, कारण खडीनं मागच्या चाकांच्या ठोकळ्यांच्या कडा आधी तुटतात. कायद्यानं किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी मुरमावर एटीचं काम चार मिलिमीटरच्या खाली जवळजवळ संपतं.

रिमच्या आत वाळलेला चिखल राहिला तर डांबरावर ताशी ७०-८० ला स्टिअरिंग थरथरतं. रिजिड अ‍ॅक्सलच्या जिम्नीत ही थरथर जास्त वाढते. बॅलन्सिंगला पैसे द्यायच्या आधी रिम आतून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवावं.

माप आणि खरेदी

१९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिलिमीटर, २१५/७५ आर १५ चा साधारण ७०४. फरक दीड टक्का. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा खरा वेग सुमारे ६१, गाडीची उंची पाच मिलिमीटर जास्त. याहून मोठं माप घासतं, गिअरिंग लांब पडतं आणि मुरमावर काही फायदा देत नाही. माप बदलण्याआधी वॉरंटीबद्दल डीलरकडून लेखी विचारून घ्यावं.

जून २०२० पासून आयात टायरवर परवान्याचं बंधन आहे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या मापांचा तुटवडा असतो आणि जुना माल नवा म्हणून पुढे केला जातो. साइडवॉलवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघावेत: २२२४ म्हणजे २०२४ चा बाविसावा आठवडा. दोन वर्षांहून जुना टायर पूर्ण किमतीला घेऊ नये. साइडवॉलवर पॉलिएस्टर आणि स्टीलचे थर किती आहेत तेही छापलेलं असतं. दुकानदाराच्या ‘टेन प्लाय आहे साहेब’पेक्षा त्यावर विश्वास ठेवावा. केओ२ जिओलँडरपेक्षा महाग पडतो. एकट्या-दुकट्यानं, कमी सामानात चालणाऱ्या जिम्नीला तो जादा पैसा मुरमावर परत मिळत नाही. दगडी घाटात आणि भरलेल्या गाडीत मिळतो.

बसवताना नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर) आवळून घ्यावेत, आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटर कच्च्यानंतर पुन्हा तपासावेत. मागच्या दारावरच्या स्टेपनीचे नटही त्यात धरायचे. वळ्यांवर तेही सैल होतात.